'यस्टरडे' आला की 'हॅव' जातो

पत्र : मी ज्या टीममध्ये काम करते तिथली निम्मी माणसं परदेशात बसलेली असतात. शाळेत इंग्रजी व्याकरणात माझे मार्क कधी गेले नाहीत. पण प्रेझेंट परफेक्टनं हल्ली मला पार हैराण केलंय. परवा मेलमध्ये लिहिलं, 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे.' साहेबांनी 'हॅव' खोडून मेल परत पाठवली. कारण विचारलं तर म्हणाले, 'तसं म्हणत नाहीत.' नंतर कंपनीतल्याच दुसऱ्या पदासाठी मुलाखत झाली. तिथे मी 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स' म्हणाले आणि समोरच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. नियम तर मला पाठ आहे : 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया'. मग काल पाठवलेली फाइल नुकतीच पाठवलेली नाही का? आता मी हा काळच टाळते, सगळं साध्या भूतकाळात बोलते. असं केलं तर चालेल का? ता. क. : आमचा एक अमेरिकन सहकारी सर्रास 'डिड यू फिनिश येट?' म्हणतो. पुस्तकाप्रमाणे तिथे 'हॅव' हवं ना? मग त्याला कोणी का खोडत नाही?
— अडखळलेली

सप्रेम नमस्कार,

हा काळ टाळून चालेल का, हे आधी सांगते. बऱ्याच ठिकाणी काम अडणार नाही. 'आय सेंट द फाइल' म्हटलंत तरी फाइल गेली हे समोरच्याला कळतं. पण काही जागा अशा आहेत की तिथे साधा भूतकाळ घातला तर वाक्य व्याकरणात चोख बसतं आणि अर्थ भलताच होतो. मुलाखतीत तुम्ही 'आय वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स' म्हणाला असतात, तर त्या बाईंना वाटलं असतं की तुम्ही नोकरी सोडलेली आहे. त्यापेक्षा तुमचं चुकलेलं 'सिन्स सिक्स इयर्स' परवडलं. त्यातून तुम्ही अजून तिथेच आहात एवढं तरी कळत होतं. तेव्हा टाळू नका. शिवाय यात नवीन शिकायचं फार थोडं आहे. जे शिकवलं गेलंय त्यातलं थोडं विसरायचं मात्र आहे.

सगळ्यात आधी विसरायचं ते 'नुकतीच'. हा शब्द पुस्तकात कुणी घातला कोण जाणे, पण त्यानं पिढ्यान्पिढ्या गोंधळ घातलाय. नुकतीच म्हणजे किती वेळापूर्वी? 'आय सॉ हिम टू मिनिट्स अगो' हे वाक्य दोन मिनिटांपूर्वीचं आहे आणि तरी ते साध्या भूतकाळातच म्हणावं लागतं. उलट 'ट्वेल्व्ह मेन हॅव वॉक्ड ऑन द मून' हे वाक्य घ्या. चंद्रावर माणूस पहिल्यांदा चालला १९६९ मध्ये आणि शेवटचा १९७२ मध्ये. पन्नास वर्षं उलटून गेली तरी इंग्रजीत इथे प्रेझेंट परफेक्ट निर्धास्त चालतो. म्हणजे घटना ताजी की शिळी यावर हा काळ ठरत नाही.

मग कशावर ठरतो? नाव नीट वाचा : प्रेझेंट परफेक्ट. इंग्रजीच्या हिशेबी हा वर्तमानकाळ आहे. घटना मागे घडली असली तरी वाक्य आजचं असतं. बारा जण चंद्रावर चालले, हा आजपर्यंतचा हिशेब आहे, वही अजून उघडी आहे, उद्या तेरावा चालू शकतो. त्याच वाक्यात 'इन १९६९' घालून बघा, 'हॅव वॉक्ड' लगेच कोसळतं. 'फोर मेन वॉक्ड ऑन द मून इन १९६९' असंच म्हणावं लागतं. गंमत म्हणजे वाक्यात साल नसलं तरी असं होऊ शकतं. नील आर्मस्ट्राँग हयात होते तोवर 'आर्मस्ट्राँग हॅज वॉक्ड ऑन द मून' म्हणता येत होतं. २०१२ मध्ये ते वारले. आता तेच वाक्य इंग्रजी कानाला खटकतं, 'वॉक्ड' म्हणावं लागतं. माणूस गेला, त्याची वही मिटली. मराठीत मात्र 'आर्मस्ट्राँग चंद्रावर चालले आहेत' म्हणायला आजही कुणाची हरकत नाही.

आणि तुमच्या अडचणीचं मूळ नेमकं इथे आहे. शाळेत आपल्याला शिकवतात की '-ला आहे, -ली आहे, -ले आहे' दिसलं की 'हॅव' किंवा 'हॅज' लावा आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. दोन्ही भाषांत या काळाचं नाव पूर्ण वर्तमानकाळ, म्हणून आपण धरून चालतो की दोघांचे कायदेही सारखेच असणार. ते तसे नाहीत. मराठीतल्या पूर्ण वर्तमानकाळाला तारखेचं वावडं नाही. 'मी कालच फाइल पाठवली आहे', 'त्यांनी हे पुस्तक १९३५ साली लिहिलं आहे', 'तू कधी आलायस?' ही सगळी अस्सल मराठी वाक्यं आहेत. तुमचं 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' हे मराठीच्या कानानं शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून तर ते इतक्या सहज हातून उतरलं. इंग्रजीत मात्र 'हॅव'च्या वाक्यात संपलेल्या वेळेचा शब्द बसत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो, ऑन मंडे, व्हेन आय वॉज इन स्कूल, यातलं काहीही आलं की 'हॅव' जातो. आणि 'व्हेन' हा शब्द तारीखच विचारत असल्यामुळे 'व्हेन हॅव यू कम?' हेही गेलं. 'व्हेन डिड यू कम?'

साहेबांचं 'तसं म्हणत नाहीत' हे उत्तर तुम्हाला लागलेलं दिसतंय. पण त्यांना फार दोष देऊ नका. एखादी गोष्ट काल झाली आणि तिचा परिणाम आजही आहे, तर दोन्ही एका वाक्यात का सांगता येऊ नये, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. तिथे या कोड्याला 'प्रेझेंट परफेक्ट पझल' असंच नाव आहे. जर्मन माणूस 'मी त्याला काल पाहिलं आहे' याच बांधणीचं वाक्य रोज बोलतो आणि ते त्याच्या भाषेत शुद्ध असतं. बोलीतल्या फ्रेंचमध्येही तसंच. तेव्हा या बाबतीत विचित्र आपण नाही, इंग्रजी आहे.

एक जुनी गोष्ट सांगितली तर हा नियम पाठ न करताही लक्षात राहील. जुन्या इंग्रजीत या रचनेतला 'हॅव' खरोखरच 'जवळ असणे' या अर्थाचा होता. आजही 'आय हॅव माय बॅग पॅक्ड' असं म्हणता येतं, म्हणजे माझी बॅग भरलेल्या अवस्थेत माझ्याकडे तयार आहे. शब्दांची जागा हळूहळू बदलली आणि 'आय हॅव पॅक्ड माय बॅग' झालं. पण तो जवळ असण्याचा अर्थ तळाशी अजून शिल्लक आहे. 'आय हॅव सेंट द फाइल' म्हणजे फाइल पाठवून झाल्याची स्थिती आत्ता माझ्यापाशी आहे. आता जे आत्ता जवळ आहे त्याला 'काल' कसं लावणार? 'माझ्याकडे काल एक गाडी आहे' असं मराठीतही कुणी म्हणणार नाही.

त्यामुळे 'हॅव' आणि 'यस्टरडे' यांतलं एक काहीतरी निवडायचं. कोणतं निवडायचं हे वाचणाऱ्याला काय हवंय त्यावर ठरवा. क्लायंट फाइलची वाट पाहतोय, त्याला फक्त काम झालं हे हवंय : 'आय हॅव सेंट द फाइल.' त्यानं 'मिळाली नाही, कधी पाठवलीत?' असं विचारलं : 'आय सेंट इट यस्टरडे ईव्हनिंग.' दोन्ही सांगायचं असेल तर दोन वाक्यं करा, कागद महाग नाही. 'आय हॅव सेंट द फाइल. इट वेंट आउट यस्टरडे ईव्हनिंग.'

ही दोन वाक्यांची जोडी इंग्रजीत फार पक्की आहे, एकदा नजरेत भरली की सगळीकडे दिसायला लागेल. इंग्रजी बातमी काढून बघा. पहिलं वाक्य बहुतेक वेळा प्रेझेंट परफेक्टमध्ये असतं : अमुक संस्थेनं निर्णय जाहीर केला आहे, 'हॅज अनाउन्स्ड'. दुसऱ्या वाक्यापासून तपशील सुरू झाला, वार आला, ठिकाण आलं, की सगळी बातमी साध्या भूतकाळात उतरते : 'सेड', 'मेट', 'डिसायडेड'. बोलण्यातही तेच. 'आयव्ह लॉस्ट माय फोन!' 'ओह नो, व्हेअर डिड यू लूझ इट?' 'आय थिंक आय लेफ्ट इट ऑन द ट्रेन.' बातमी 'हॅव'नं फुटते आणि तिची कहाणी साध्या भूतकाळात सांगितली जाते. 'हॅव' एकदाच येतो, उंबरठ्यावर. आपले लोक तो आत घेऊन जातात आणि पाहुणचार करत बसतात : 'आय हॅव लेफ्ट इट ऑन द ट्रेन, देन आय हॅव कॉल्ड द हेल्पलाइन, देन दे हॅव टोल्ड मी…' तुमच्या मीटिंगमधल्या अपडेट्स अशाच होत असतील अशी मला दाट शंका आहे. पहिलं वाक्य 'वी हॅव फिक्स्ड द प्रॉब्लेम', बस्स. त्यापुढे 'वी फाउंड', 'वी चेंज्ड', 'वी टेस्टेड'.

संशोधनपर लिखाणातही हीच चाल असते. 'सायंटिस्ट्स हॅव स्टडीड डीएनए फॉर डेकेड्स' असं मोघम आणि चालू असलेलं विधान आधी, आणि मग 'इन १९५३ वॉटसन अँड क्रिक डिस्क्राइब्ड इट्स स्ट्रक्चर' असा ठोस दाखला.

आता भुवया वर नेणारं वाक्य. त्यात एक सोडून दोन गोष्टी अडकल्यात. मराठीत आपण 'मी सहा वर्षांपासून इथे काम करतेय' असं चक्क चालू वर्तमानात म्हणतो. काम चालू आहे, मग वर्तमानकाळ, किती सरळ! इंग्रजी इथे वेगळा विचार करते : काम मागे सुरू झालं आणि सहा वर्षं भरून आजपर्यंत आलं, म्हणजे आजपर्यंतचा हिशेब, म्हणजे 'हॅव'. 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स'. या दोन्हींत नोकरीच्या बाबतीत फारसा फरक नाही, जे तोंडात बसेल ते म्हणा. 'करत आलेय' हा आपला प्रयोग आठवा, 'मी गेली सहा वर्षं हे काम करत आलेय'. 'हॅव बीन वर्किंग'च्या सगळ्यात जवळचा मराठी नातेवाईक तो.

दुसरी गाठ 'पासून'ची. 'सोमवारपासून' आणि 'सहा वर्षांपासून', मराठीत दोन्हीकडे एकच प्रत्यय. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. 'सिन्स मंडे', 'सिन्स २०१९', 'सिन्स आय जॉइन्ड'. पण 'फॉर सिक्स इयर्स', 'फॉर अ लाँग टाइम'. 'सिन्स सिक्स इयर्स' हे आपल्याकडच्या इंग्रजीत इतकं मुरलंय की आपसांत बोलताना कुणी वळूनही पाहत नाही. लेखी अर्जात आणि मुलाखतीत मात्र ते ठळक दिसतं.

इथे एक शंका तुमच्या मनात येईलच : साल चालत नाही म्हणता, मग 'सिन्स २०१९' कसं चाललं? कारण 'इन २०१९' ही बंद खोली आहे, आणि 'सिन्स २०१९' हा तिथून निघून आजच्या दारापर्यंत आलेला रस्ता. जो शब्द आजपर्यंत पोचतो तो 'हॅव'ला चालतो. म्हणून 'धिस वीक', 'टुडे', 'सो फार', 'इन द लास्ट टू इयर्स' हे सगळे चालतात. शेवटच्यात मात्र जपून. 'लास्ट इयर' म्हणजे गेलं साल, संपलं, 'हॅव' नाही. 'इन द लास्ट टू इयर्स' म्हणजे गेल्या दोन वर्षांत, आजपर्यंत, 'हॅव' हवा. शब्द जवळपास तेच, निकाल उलटा. 'धिस मॉर्निंग'चं तर घड्याळावर आहे. सकाळी दहाला 'हॅव यू सीन हर धिस मॉर्निंग?' आणि संध्याकाळी पाचला 'डिड यू सी हर धिस मॉर्निंग?', कारण तोवर सकाळ संपलेली असते.

'नो', 'लाइक', 'हॅव' अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना 'बीन …इंग' लावू नका. 'मी तिला शाळेपासून ओळखते' हे 'आय अ‍ॅम नोइंग हर' नाही आणि 'आय हॅव बीन नोइंग हर'ही नाही. 'आय हॅव नोन हर सिन्स स्कूल.'

आतापर्यंत 'हॅव' कुठे सुटतो ते पाहिलं. याच्या उलटा सापळा पुस्तकात फारसा सापडत नाही, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. मराठीत 'आहे' दिसतं, पण इंग्रजीत 'हॅव' लावला तर घोळ होतो. 'ती खुर्चीवर बसली आहे.' शाळेच्या सूत्राप्रमाणे 'शी हॅज सॅट ऑन द चेअर' होईल. पण ती आत्ता बसलेल्या स्थितीत आहे हे इंग्रजीत 'शी इज सिटिंग ऑन द चेअर' असं सांगतात. 'तो दारात उभा राहिलाय', 'ही इज स्टँडिंग'. 'बाळ झोपलंय', 'द बेबी इज अस्लीप'. 'हॅज स्लेप्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला बाळाची झोप झाली असं वाटेल, आणि तो मोठ्यानं बोलायला लागेल. 'त्यानं निळा शर्ट घातलाय', 'ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट'. 'मी दमलेय', 'आय अ‍ॅम टायर्ड'. बसणं, उभं राहणं, झोपणं, पांघरणं, अंगावर घालणं, ही सगळी शरीराच्या स्थितीची क्रियापदं आहेत आणि मराठी ती पूर्ण वर्तमानात टाकते. इंग्रजी टाकत नाही.

आणि तिसरा प्रकार याहून मजेशीर. मराठीत साधा भूतकाळ असतो आणि गोष्ट मात्र आत्ताची असते. कुणी हाक मारली की आपण 'आलो!' म्हणतो, अजून जागचे हललेलेही नसतो. 'बस आली', 'समजलं', 'भूक लागली', 'विसरले'. इंग्रजीत यांची वाट प्रत्येकाची वेगळी : 'आय अ‍ॅम कमिंग', 'द बस इज हिअर', 'आय अंडरस्टँड', 'आय अ‍ॅम हंग्री'. 'अय्या, विसरलेच!' हे 'आय फरगॉट' किंवा 'आयव्ह फरगॉटन', दोन्ही चालेल. म्हणून मराठी क्रियापदाचं शेपूट बघून इंग्रजी काळ ठरवायचा हा जो शाळेतला रिवाज आहे, तो सोडाच. तो पास व्हायला पुरतो, बोलायला पुरत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी तुम्हाला अचूक वाट दाखवेल. 'शी हॅज गॉन टू लंडन' आणि 'शी हॅज बीन टू लंडन' यांत नेहमी गोंधळ होतो. पहिलं म्हणजे 'गेली आहे', आत्ता इथे नाही. दुसरं म्हणजे 'जाऊन आली आहे'. यातला फरक इंग्रजी शिकणाऱ्या बऱ्याच परदेशी लोकांना घोकावा लागतो. आपल्याला तो आयता मिळालाय. स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टू लंडन' असं सांगू नका. तुम्ही तर समोर बसलेल्या आहात.

आयुष्यातले अनुभव सांगतानाही 'हॅव'च लागतो. 'मी समुद्र कधी पाहिला नाही', 'आय हॅव नेव्हर सीन द सी'. 'तुम्ही कधी…?' असं विचारतानाही 'हॅव यू एव्हर…'. मात्र समोरचा 'हो' म्हणाला आणि कधी-कुठे सुरू झालं की पुन्हा साध्या भूतकाळात उतरा, वर सांगितलेली जोडीच ती. 'मी पहिल्यांदाच प्रेझेंटेशन करतेय' या वाक्यात मात्र आपण हमखास फसतो, कारण मराठीत तिथे 'करतेय' आहे. इंग्रजीत 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव गिव्हन अ प्रेझेंटेशन'. पहिल्यांदाच, म्हणजे आजपर्यंतच्या हिशेबात पहिल्यांदा. हिशेब आला की 'हॅव' आला.

तिसऱ्या रूपांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणजे ती तुम्हाला येत असणार. 'आय हॅव वेंट', 'आय हॅव सॉ' असं होत नसेल तर तो विषय सोडून देऊ. होत असेल तर रोज लागणारी तेवढीच क्रियापदं तोंडी घोळवा : गॉन, सीन, डन, रिटन, टेकन, गिव्हन, फरगॉटन, ब्रोकन, चोझन. कोष्टक पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाचं एक आख्खं वाक्य पाठ असलेलं बरं.

ऐकण्याचं थोडं. कॉलवर तुम्हाला हा काळ फारसा ऐकू येत नाही असं वाटत असेल, पण तो असतो. बोलताना 'हॅव' पूर्ण उच्चारला जात नाही. 'आयव्ह सेंट' मधला 'व्ह' पुढच्या 'स'मध्ये विरघळून जातो आणि आपल्या कानाला 'आय सेंट' ऐकू येतं. 'हीज गॉन' मध्ये 'हॅज' आहे आणि 'हीज गोइंग' मध्ये 'इज', ऐकायला दोन्ही 'हीज'. नुसतं कानावर विसंबून हा काळ शिकता येत नाही तो यामुळे. काही दिवस सबटायटल लावून ऐका आणि 'हॅव' कुठे कुठे दडलेला आहे ते डोळ्यांनी बघा. स्वतः बोलतानाही 'आय हॅव, आय हॅव' असं ठासून म्हणू नका, 'आयव्ह' म्हणा. ठासलेल्या 'हॅव'मुळे बरोबर वाक्यही पाठ केल्यासारखं वाटतं.

सरावासाठी पुस्तक घेऊ नका, तुमच्या पाठवलेल्या मेल्स उघडा. सर्चमध्ये 'हॅव' टाका आणि जे वाक्य येईल त्यात संपलेल्या वेळेचा शब्द आहे का तेवढंच बघा. असेल तर दोघांपैकी एक काढा. मग 'सिन्स' शोधा आणि त्याच्या पुढे लांबी आहे का बघा. असेल तर 'फॉर' करा, आणि त्याच वाक्यात 'अ‍ॅम' किंवा 'इज' असेल तर 'हॅव बीन' करा. तुमच्या बायोडेटावरही हीच फुली मारा. 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१४' हे तिथे असणारच, 'कम्प्लीटेड' पुरे. सोडलेल्या नोकऱ्यांसाठी 'वर्क्ड', आत्ताच्या नोकरीसाठी 'हॅव वर्क्ड'. आणि 'आय हॅव अटॅच्ड द रिपोर्ट' हे तुम्ही रोज लिहीत असाल तर ते बरोबर आहे, उगीच खोडू नका. रिपोर्ट मेलला जोडलेला आत्ता आहेच.

बोलताना एवढी तपासणी करायला वेळ नसतो. तिथे अडखळण्यापेक्षा चुकलेलं बरं. वेळ सांगायचीच आहे हे आधीच माहीत असेल, तर वाक्य वेळेपासून सुरू करा : 'यस्टरडे…' तोंडातून एकदा 'यस्टरडे' बाहेर पडला की पुढे 'आय सेंट' आपसूक येतं. 'हॅव' घुसतो तो बहुधा वेळ शेवटी आठवते तेव्हा.

राहता राहिला तुमचा अमेरिकन सहकारी. तो चुकत नाही. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' या तीन शब्दांबरोबर अमेरिकेत साधा भूतकाळ सर्रास चालतो : 'आय जस्ट फिनिश्ड', 'आय ऑलरेडी सेंट इट', 'डिड यू फिनिश येट?' ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत तिथे 'हॅव' पसंत करतात, आणि आपली शालेय पुस्तकं त्या वळणाची. पण तोच सहकारी 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' किंवा 'सिन्स सिक्स इयर्स' म्हणताना तुम्हाला ऐकू येणार नाही. तिथे दोन्ही इंग्रजींचं एकमत आहे. त्यानं 'डिड यू फिनिश येट?' विचारलं तर बिनधास्त 'येस, आय जस्ट फिनिश्ड' म्हणून मोकळ्या व्हा. तेच उत्तर ब्रिटिश क्लायंटला लेखी जाणार असेल तर 'आय हॅव जस्ट फिनिश्ड' लिहा. साहेब त्यातलं काही खोडणार नाहीत.